रुग्णाचा बहिष्कार आणि आपले कर्तव्य

(पौर्णिमेनिमित्त विहारात जमलेल्या कुटुंबांपुढे एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या सभेत कोणत्या विषयावर बोलणार, असे चालकांनी मला विचारले तेव्हा मी सिकलसेल या आजाराचे नाव सांगितले. त्यावर त्यांच्यापैकी एकाने मला बाजूस घेतले व म्हटले, "गुरुजी, विषय चांगला आहे, परंतु सभेत उपवर मुलामुलींचे आईबाप बसलेले असतील. त्यांच्यासमोर हे नाव कशाला?" त्या सद्गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. परंतु त्यांचे शब्द ऐकून माझा निश्चय अधिकच पक्का झाला. ज्या आजाराचे नाव विहारात घेण्यासही आपण भितो, त्या आजाराच्या माणसास आपल्या घरात काय वाट्याला येत असेल, याचा विचार आपण कधी तरी केला पाहिजे. तो आज करावा, एवढ्याचसाठी मी उभा आहे.

विदर्भातील आपल्या समाजात हा आजार नवा नाही. वारंवार ताप येणारी, डोळे पिवळे पडलेली, हातपाय दुखतात म्हणून रात्ररात्र कण्हणारी मुले आपल्या प्रत्येक मोहोल्ल्याने पाहिली आहेत. पूर्वी त्यांस कोणी काविळीचे म्हणत, कोणी संधिवाताचे म्हणत, कोणी बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेत. पुष्कळशी मुले नाव न कळलेल्या आजारानेच गेली. माझा एक धाकटा भाऊ असाच गेला. त्यास काय झाले होते हे आमच्या आईस मरेपर्यंत कळले नाही. आपल्या हातून काही तरी पाप घडले असावे, एवढीच तिची समजूत होती आणि ती समजूत घेऊनच ती गेली.

हा आजार आहे तरी काय?

निरोगी मनुष्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन त्या तो सर्व शरीरास पोचवितात व सुमारे 120 दिवस जगतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी प्राणवायू सोडला की ताठर होतात व विळ्यासारख्या वाकतात. त्या 10 ते 20 दिवसांतच फुटतात. म्हणून अंगात रक्त राहत नाही आणि डोळे पिवळे दिसतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून पडतात. म्हणून हाडे, सांधे, छाती व पोट यांत असह्य कळा उठतात. थंडी लागणे, पाणी कमी पिणे, ताप येणे, अति श्रम होणे, यांपैकी काहीही झाले तरी अशी कळ उठू शकते. हे ढोंग नव्हे व आळसही नव्हे.

हा आजार स्पर्शाने होत नाही, उष्ट्याने होत नाही, एका अंथरुणावर निजल्याने होत नाही. तो आईबापांकडून मिळतो. आणि येथे माझे शब्द नीट लक्षात ठेवा, तो आई आणि बाप या दोघांकडूनही मिळावा लागतो. एकाच पालकाकडून दोष आला तर मूल केवळ वाहक होते. त्यास आपण एएस पॅटर्न म्हणतो. वाहक मनुष्य बहुधा निरोगी मनुष्यासारखाच जगतो. दोन्ही पालकांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते. त्यास एसएस पॅटर्न म्हणतात. दोघे वाहक एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष होण्याचा चारांत एक असतो. वाहकाचा विवाह निर्दोष रक्ताच्या जोडीदाराशी झाला तर त्यांच्या पोटी या आजाराचे मूल जन्मास येत नाही. हे साधे गणित आहे. चौथीच्या मुलास समजेल असे आहे. तरीही ते आपण वर्षानुवर्षे समजून घेतले नाही, कारण आपणांस लाज वाटत होती.

मी स्वतः काय केले

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी मी माझा स्वतःचा अपराध तुम्हांपुढे ठेवतो.

माझा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे. तो नऊ वर्षांचा असताना रक्ततपासणीत हे निष्पन्न झाले. मी शिक्षक होतो, वर्तमानपत्र वाचणारा होतो, सभांत विज्ञानावर बोलणारा होतो. तरीही ती चिठ्ठी मी पेटीच्या तळाशी ठेवली आणि घरात सर्वांस सांगितले, "मुलाला कावीळ आहे. विचारील त्याला एवढेच सांगा."

2009 साली माझ्या थोरल्या लेकीचे लग्न ठरले. स्थळ चांगले, माणसे आपलीच. लग्नाच्या आठवड्यात मी मुलास त्याच्या आत्याकडे पाठवून दिले. वऱ्हाडाने त्याचे पिवळे डोळे पाहू नयेत, हा माझा हेतू. बहिणीच्या लग्नास भाऊ का नाही, असे पाहुण्यांनी विचारले तेव्हा परीक्षा आहे असे मी सांगितले. तो दिवस उन्हाळ्याच्या सुटीतला होता. त्या दिवशी कोणाची परीक्षा असणार? परंतु एक असत्य झाकण्यास मनुष्य दुसरे असत्य कसलाही विचार न करता बोलून जातो.

मुलीची रक्ततपासणी मी केली नाही. जावयांची तपासणी मागणे तर दूरच राहिले. मागितली असती तर माझी चिठ्ठी पेटीतून बाहेर काढावी लागली असती. 2011 साली मला नात झाली. सातव्या महिन्यात तिच्या हातापायांची बोटे सुजली. मी ती सूज पाहिली आणि मला काय ते कळले. मुलाच्या वेळी हेच झाले होते.

तेव्हा विहीणबाई माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या घरचे रक्तच नासके. आमच्या घरात हे कधी नव्हते. तुमची लेक तुम्हीच ठेवून घ्या." माझी लेक तान्ह्या मुलीस घेऊन चार महिने माझ्या घरी राहिली. पुढे सरकारी दवाखान्यातील एका बाईंनी नवराबायको दोघांचीही तपासणी करविली. दोघेही वाहक निघाले. त्या बाईंनी विहीणबाईंस समोर बसवून कागदावर चार घरे आखून दाखविली आणि सांगितले की मुलीस हा आजार जेवढा आईकडून आला तेवढाच बापाकडूनही आला आहे. विहीणबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझे दोन दीर लहानपणीच गेले. त्यांचेही डोळे असेच होते." म्हणजे चिठ्ठी त्यांच्याही पेटीत होती, फक्त कागदावर लिहिलेली नव्हती.

लेक आपल्या घरी परत गेली. आज नात शाळेत जाते आहे. परंतु तिच्या प्रत्येक कळेच्या वेळी मला माझी ती पेटी आठवते. दोन्ही घरांनी लग्नापूर्वी एक-एक कागद समोर ठेवला असता, तर त्या दोघांनी विवाह करावा किंवा न करावा, केल्यास पुढे कोणती काळजी घ्यावी, हे त्यांचे त्यांनी उघड्या डोळ्यांनी ठरविले असते. तो अधिकार मी माझ्या लेकीकडून हिरावून घेतला. आणि मुलाचे म्हणाल तर त्याने पुष्कळ वर्षांनी मला एकदाच विचारले, "बाबा, मी मांडवात बसलो असतो तर काय झाले असते?" त्यास देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही.

पापाची जुनी उपपत्ती

बंधूंनो, आजाऱ्यास आजाराचे दुःख असतेच. परंतु त्याहून निराळे असे एक दुःख आपण त्यास देतो. त्याचा पेला निराळा ठेवतो. लग्नकार्यात त्यास मागील खोलीत बसवितो. मुलगी रुग्ण असेल तर तिचे शिक्षण थांबवितो. कारण जगून काय करणार, असे आपण तिच्या देखत म्हणतो. मूल रुग्ण निघाले तर आईस दोष देतो आणि बापास दुसरे लग्न करण्याचा सल्ला देतो. ही वागणूक कोठून आली? ज्यांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहिले, ज्यांना पाणवठ्यावर जाण्याची बंदी होती, ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्याच घरात एका मुलाचा पेला निराळा ठेवला जातो, ही गोष्ट मला फार लाजिरवाणी वाटते.

याच्या मुळाशी जुनी समजूत आहे. दुःख आले म्हणजे मागील जन्मीचे पाप फळास आले, अशी ती समजूत. हीच समजूत दाखवून आपणांस हजारो वर्षे सांगण्यात आले की तुम्ही खालच्या कुळात जन्मला, तो तुमच्याच पूर्वकर्माचा दोष. परमपूज्य बाबासाहेबांनी 1956 च्या 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा दिली, आणि 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही उपपत्ती स्पष्टपणे नाकारली. पाली वाङ्मयातही सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला भगवंतांचा संवाद आहे. मनुष्यास होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मानेच होते काय, असा तेथील प्रश्न होता. भगवंतांनी ते मत मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूंचे बदल अशी निरनिराळी कारणे त्यांनी सांगितली. म्हणजे वेदनेचे कारण शरीरात व सृष्टीत शोधावे, असा विचार आपल्याच परंपरेत आहे. आपण दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातील देव काढले, नवस बंद केले, परंतु मूल आजारी पडले की "कोणाचे पाप?" हा प्रश्न मात्र आपल्या तोंडी तसाच राहिला. दीक्षेच्या दिवशी जो विचार आपण सोडला, तो आजाऱ्याच्या खाटेपाशी पुन्हा उचलू नये.

आणखी एक प्रसंग आपण सर्व जाणता. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतःच्या हातांनी त्यास स्नान घातले, उचलून खाटेवर निजविले आणि मग संघास बोलावून सांगितले की रुग्णाची सेवा हीच माझी सेवा समजावी. त्यांनी तो भिक्खू कोणत्या पापाने आजारी पडला, हे विचारले नाही. त्याची सेवा कोण करीत आहे, एवढेच विचारले.

हा एखाद्या जातीचा रोग नव्हे

आता दुसऱ्या बाजूने येणाऱ्या कलंकाविषयी बोलतो. बाहेरचे काही लोक म्हणतात, हा त्या लोकांचा रोग आहे. हे अज्ञान आहे. हा आजार आपल्यात आहे, तसाच तो गोंडांत आहे, भिल्ल व पावरा बांधवांत आहे, इतरही पुष्कळ जातींत आहे. गुजरात, छत्तीसगड, ओरिसा, निलगिरीचे डोंगर, तसेच आफ्रिका, अरबस्तान व ग्रीस येथेही आहे. त्याचे कारण 1954 साली अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. जो मनुष्य या दोषाचा वाहक असतो, त्यास हिवतापाच्या प्राणघातक प्रकारापासून पुष्कळसे संरक्षण मिळते. ज्या जंगलपट्टीत हिवतापाने पिढ्यान् पिढ्या मुले मरत होती, तेथे वाहक मुले अधिक वाचली आणि त्यांचा वंश वाढला. तात्पर्य, आपल्या पूर्वजांना जगविणारीच ही गोष्ट होती. तिच्यात पाप नाही आणि कुळाची नामुष्कीही नाही. उलट, जातीच्या कुंपणातच व नात्यातच लग्ने करण्याच्या चालीने हा दोष त्याच त्या घरांत फिरत राहिला. जातिभेद मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह होय, असे बाबासाहेबांनी 1936 सालीच लिहून ठेवले होते. ते त्यांनी समाजाच्या आरोग्यासाठी लिहिले. आज रक्ताचे शास्त्रही त्यास दुजोरा देत आहे.

मात्र शास्त्राच्या नावानेही कलंक लावता येतो, हे विसरू नका. 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष रक्तातील हिमोग्लोबिनच्या घडणीत आहे हे सिद्ध केले. हे पॉलिंग दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी, थोर शास्त्रज्ञ आणि शांततेचे पुरस्कर्ते. परंतु 1968 साली त्यांनीच असे सुचविले की हा दोष असणाऱ्या तरुणांच्या कपाळावर गोंदून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. ज्यांच्या वाडवडिलांच्या गळ्यात मडके व कमरेला फांदी बांधली जाई, त्या आपणांस कपाळावरील खुणेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे 1970 नंतर अमेरिकेतील कित्येक राज्यांत कृष्णवर्णीयांवर ही तपासणी सक्तीची करण्यात आली. वाहक आणि रुग्ण यांतील भेद न समजल्यामुळे निरोगी वाहकांसही नोकऱ्या नाकारण्यात आल्या, त्यांच्या विम्याचे हप्ते वाढविण्यात आले. तेथील हवाई दलाच्या प्रशिक्षण संस्थेने 1981 पर्यंत वाहकांस प्रवेश दिला नाही. परंतु त्याच काळात ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुणांनी 1971 पासून आपल्या वस्त्यांत स्वतः तपासणी केंद्रे उघडली, घरोघर माहिती दिली आणि हा प्रश्न राष्ट्रासमोर मांडला. तपासणी मालकाने लादली तर ती खूण होते. समाजाने समजून उमजून स्वतः केली तर ती शक्ती होते. आपणांस यातील दुसरा मार्ग धरावयाचा आहे.

आपल्या सरकारने 2023 च्या 1 जुलैस मध्यप्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि 2047 पर्यंत हे उद्दिष्ट गाठावयाचे ठरविले. मोहीम स्वागतार्ह आहे. परंतु निर्मूलन आजाराचे व्हावयाचे आहे, आजाऱ्याचे नव्हे. जे आज जन्मलेले आहेत, त्यांना औषध, शिक्षण, नोकरी व मान मिळाला पाहिजे.

हक्क आणि कर्तव्य

यास्तव हक्काची गोष्ट सांगतो. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने ज्या 21 प्रकारांस दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली, त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे तिन्ही आजार आहेत. ज्यांचे अपंगत्व 40 टक्के वा अधिक ठरते, त्यांच्यासाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखावयाच्या आहेत. मात्र नोकरीतील 4 टक्के राखीव जागांच्या कलमात या रक्तविकारांचे नाव घातले गेले नाही. कायदा एका हाताने मान्यता देतो आणि दुसऱ्या हाताने भाकरी मागे घेतो. ही उणीव दूर व्हावी अशी मागणी आपण केली पाहिजे. परंतु प्रमाणपत्र काढण्यासच जो लाजतो, तो मागणी कशी करणार? कलंकाचे भय मनुष्यास हक्कापर्यंत पोचू देत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

उपाय नाही असेही समजू नका. लहान मुलांस जंतुबाधेपासून जपणारे पेनिसिलीन आणि लसी आहेत, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. त्या औषधाने कळा पुष्कळ कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. माझा मुलगा त्याच औषधावर आज नोकरी करीत आहे. ज्या मुलाविषयी लोक "किती दिवसांचा सोबती?" असे विचारीत, तो आज मला दवाखान्यात घेऊन जातो.

शेवटी माझी तुम्हांस विनंती आहे. विवाह ठरविण्यापूर्वी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करा. केवळ मुलीची चिठ्ठी मागणारा वरपक्ष अर्धे शास्त्र आणि पूर्ण अन्याय करीत असतो. मूल रुग्ण निघाले तर आईस बोल लावू नका. शाळेतील माझ्या बंधुभगिनींनो, असे मूल वारंवार पाणी मागेल व लघवीस जाण्याची परवानगी मागेल. त्यास जाऊ द्या. त्याच्या आजारात मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. मी स्वतः अशा एका विद्यार्थ्यास कामचुकार म्हणून बाकावर उभे केले होते, ते आठवून मला आजही खेद होतो. तरुणांनो, वर्षातून एकदा तरी रक्तदान करा. आपल्याच वस्तीतील कोणाला तरी ते हवे असते. आणि लग्नाच्या मांडवात आजारी भावास, आजारी बहिणीस पुढच्या रांगेत बसवा.

चालकांस मी विचारून ठेवले आहे. येत्या रविवारी सकाळी याच विहारात सरकारी दवाखान्याची माणसे तपासणीस येणार आहेत. पहिले नाव माझे आहे, दुसरे माझ्या पत्नीचे. आमचा निकाल काय येणार हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही आम्ही सर्वांसमक्ष बोट पुढे करणार आहोत. जी चिठ्ठी मी पेटीत लपविली होती, तीही त्या दिवशी सोबत आणीन. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनी ती उघडून यावे, एवढेच माझे मागणे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!